स्टॉपवरचा प्रत्यय

शाळेत संस्कृत ज्यांनी रडतखडत का होईना पार पाडलं, त्यांना ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ अजून झोपेतही म्हणता येतं. त्यातलं शेवटचं ‘भ्यः’ पुढे कधी रस्त्यावर धावेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार. पण स्टॉपवर उभे राहून आपण जिला हात करतो, त्या बसचं नाव म्हणजे या ‘भ्यः’चा लॅटिनमधला सख्खा भाऊ.

लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन ‘ओम्निबुस’, आपलं ‘सर्वेभ्यः’. इंग्रजांनी तो शब्द फ्रान्सकडून घेतला, ऑम्निबस म्हटला, आणि लांबलचक वाटल्यावर कापला. आता शब्द कापताना लोक सहसा डोकं ठेवतात. लॅबोरेटरीची लॅब होते, एक्झामिनेशनची एक्झाम. इथे डोकं गेलं आणि शेपूट राहिलं. म्हणजे ‘सर्वांना’मधलं ‘सर्वां’ टाकून नुसतं ‘ना’ ठेवावं, आणि स्टॉपवर विचारावं, ‘काय हो, स्वारगेटची ना गेली का?’

ही सुरुवात फ्रान्समधल्या नाँत शहरातली. स्टानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने गावाबाहेर गरम पाण्याची स्नानगृहं काढली होती. गिऱ्हाईक यावं म्हणून 1826 च्या सुमारास त्याने गावातून घोडागाडी सुरू केली. लोक गाडीत चढत, पण मध्येच कुठेतरी उतरून आपापल्या कामाला जात. आंघोळीपेक्षा गाडीलाच मागणी आहे हे त्याने ओळखलं, आणि 1828 मध्ये तो पॅरिसला अशा गाड्या चालवू लागला. नावाबद्दल असं सांगतात की, गाडी जिथून सुटे तिथे ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं आणि पाटीवर ‘ओम्नेस ओम्निबुस’ असं लिहिलं होतं. गोष्ट इतकी बेतून शिवल्यासारखी आहे की मला तिचा जरा संशयच येतो.

‘सर्वांसाठी’ हे शब्द मात्र त्या काळी पोकळ नव्हते. पॅरिसमध्येच 1662 साली गणितज्ञ पास्कालच्या कल्पनेतून ठरलेल्या मार्गांवर भाड्याच्या गाड्या धावल्या होत्या. पण सैनिक, नोकरचाकर यांना त्यांत बसायला मनाई झाली. मग तो प्रयोग काही वर्षांत बारगळला यात नवल नाही.

लंडनमध्ये जॉर्ज शिलिबीरने 4 जुलै 1829 रोजी पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी ऑम्निबस सोडली. तीन घोडे, 22 प्रवासी, भाडं एक शिलिंग. मजुराला ते परवडणारं नव्हतंच, म्हणजे ‘सर्व’ तिथेच गळायला लागले होते. पुढे शिलिबीर कर्जात बुडाला, तुरुंगातही जाऊन आला आणि अंत्ययात्रेच्या गाड्यांच्या धंद्यात शिरला. खऱ्या अर्थाने सर्वांसाठी म्हणावी अशी सेवा तीच!

मुंबईत 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली, आणि 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. मराठीत या शब्दाला घर शोधावं लागलं नाही. ‘बस’ म्हणजे खाली टेक, आणि ‘बस’ म्हणजे पुरे, हे दोन्ही आधीपासून इथे होतेच. दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर दुसरा ऐकवतो. पहिल्याचा योग दिवाळीच्या गर्दीत येईलच असं नाही. आणि लॅटिनमधली ती चतुर्थी एसटीत आजही खिडकीवर रंगवलेली दिसते: महिलांसाठी, दिव्यांगांसाठी, विधानसभा सदस्यांसाठी. त्या शेवटच्या सीटवर आमदार बसलेला मी अजून पाहिलेला नाही.

शेपूट तेवढ्यावर थांबलं नाही. विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जी जाड पट्टी असते, तिला वायरमन बसबार म्हणतो. अनेक जोडण्यांना वीज पुरवणारी ती ‘ऑम्निबस बार’. तिथून हा शब्द कॉम्प्युटरमध्ये शिरला, आणि 1996 मध्ये आलेल्या यूएसबीतला ‘बी’ तोच. ती घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते. ‘यू’ म्हणजे युनिव्हर्सल, सर्वांना चालणारं. इंग्रजांनी त्याआधी दीडेकशे वर्षं कापून टाकलेलं डोकं असं दुसऱ्या नावाने परत येऊन चिकटलं. एवढं करूनही घरात वायरींचं गाठोडं आहे ते आहेच, आणि पाहुण्याच्या फोनला त्यातली एकही बसत नाही.