श्टुटगार्टमध्ये ७२२ च्या भेटीला

श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकावरून एस-१ लोकल पकडली की थोड्याच वेळात नेकारपार्क येतं. तिथून मर्सिडीज-बेंझ संग्रहालय चालत गाठता येतं. लिफ्टने थेट वर जायचं आणि गोल उतारांवरून १८८६ पासूनच्या गाड्या बघत खाली यायचं. वरचे मजले मी भराभर उतरलो; डोळ्यांपुढे होती ती ३०० एसएलआर ही शर्यतीची गाडी, चंदेरी अंगावर लाल ७२२ मिरवणारी.

७२२ म्हणजे सुटण्याची वेळ, सकाळी ७.२२. १ मे १९५५ ला चालक स्टर्लिंग मॉस आणि शेजारी बसून रस्ता सांगणारा डेनिस जेन्किन्सन इटलीतल्या ब्रेशियाहून निघाले आणि रोमला जाऊन सुमारे १,६०० किलोमीटरची मिले मिलिया शर्यत १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकून परतले. सरासरी ताशी १५७ किलोमीटर, तीही गावांतून आणि घाटांतून!

प्रत्यक्षात गाडी फारच बुटकी दिसते. मर्सिडीजचे अभियंते रुडॉल्फ उहलेनहाउट यांच्या चमूने आठ सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन उजवीकडे कलतं बसवलं, म्हणून बॉनेट इतकं खाली आलं. इंजिनचा एवढा लांब फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, वेगात पिळवटतो, म्हणून ताकद टोकाऐवजी मधून काढून घेतली. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, बंद करायला स्प्रिंग नाहीत; त्या उघडणारा फिरता उंचवटा, म्हणजे कॅम, बंदही त्याच करतो. त्यामुळे इंजिन फार वेगाने फिरतानाही व्हॉल्व्ह तरंगत, म्हणजे वेळेवर बंद न होता, राहत नाहीत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ताकद ३०० अश्वशक्तीच्या आसपास. ब्रेकचे ड्रमसुद्धा चाकांत न ठेवता आत, सांगाड्यावर बसवलेत, म्हणजे खड्ड्यावर उसळणारं वजन कमी. क्लचचं घर मध्ये आल्याने चालकाला पाय फाकवून बसावं लागे. दहा तास!

मला मात्र सर्वांत थोर वाटतो तो जेन्किन्सनचा डबा. आधी रस्ता पाहून केलेल्या नोंदी त्याने लांबलचक कागदी गुंडाळीवर उतरवून ती या डब्यात बसवली होती. इंजिनच्या गर्जनेत बोलणं अशक्य, म्हणून वळणं हाताच्या खुणांनी सांगितली. मर्सिडीजचाच दुसरा चालक हुआन मान्युएल फान्जिओ तशाच गाडीत एकटा होता. तो अर्ध्या तासाहून जास्त मागे राहिला.

त्याच वर्षी ११ जूनला फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत दुसरी ३०० एसएलआर प्रेक्षकांवर जाऊन आदळली. चालक पिएर लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक गेले. मॅग्नेशियमच्या हलक्या पत्र्याने आग भडकवली. गाडीचं कौतुक करताना हे वगळणं मला पटत नाही. वर्षअखेरीस मर्सिडीजने शर्यती सोडल्या.

जाणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. आणि शर्यतीच्या गाड्यांचं दालन खाली, शेवटाकडे आहे, तेव्हा त्यासाठी पायांत त्राण राखून ठेवा.