आधी ‘श्री’ काढा

“इंग्रजी नको, आधी ‘श्री’ काढून बघा,” पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पेनांच्या दुकानातले काका म्हणाले. मी फाउंटन पेनच्या १.१ आणि १.५ मिलिमीटर रुंद, सपाट टोकाच्या ‘स्टब’ निबांनी माझी इंग्रजी सही गिरवत होतो.

१.५ने ‘श्री’ची गाठ शाईने पार बुजली. १.१ने मोकळी राहिली, पण काना जाड आणि शिरोरेघ केसासारखी बारीक. काकांनी माझ्या बोटांतलं पेन जरासं फिरवलं. “बोरूसारखं तिरकं धरा.” आणि शिरोरेघ काय भरली! स्टबचे कोपरे गोलसर घासलेले असतात, त्यामुळे कागदात कुठे अडकलंही नाही.

१.१ घेतलं. रात्री पानभर ‘श्री’ काढले, मग माझं नाव.

मराठीत सही करणं मी कधी सोडलं, आठवतच नाही. तुमची सही कोणत्या लिपीत आहे?