एका हाताचा कारभार

बाळाचं डायपर बदलायची जागा मांडताना माणूस दोन हातांनी मांडतो. टेबल दोन हातांनी भिंतीला लावतो, डबे दोन हातांनी रांगेत ठेवतो, इवलेइवले कपडे दोन हातांनी घड्या घालून खणात रचतो. दिसायला सगळं देखणं दिसतं. मग बाळ घरी येतं, त्या गादीवर निजतं आणि लक्षात येतं की आपला एक हात आता अडकला. तो बाळाच्या पोटावर आहे नाहीतर त्याच्या घोट्यांशी आहे, आणि तिथून तो हलवायचा नाही. झाकण उघडणं, वाइप ओढणं, मलम पिळणं, चिकटपट्टी लावणं आणि तो घाण झालेला ऐवज टोपलीत पोचवणं, ही सगळी कामं उरलेल्या एका हाताची.

म्हणून जागा तयार झाली की बाळ येण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. गादीवर एक उशी ठेवायची, डावा हात उशीवर टेकवायचा, खोलीतला दिवा मंद करायचा आणि नुसत्या उजव्या हाताने सगळं उरकून पाहायचं. (डावखुऱ्यांनी उलट.) फिरकीच्या झाकणाची बाटली इथे लगेच नापास होते. दोन्ही मुठींना एकदम ओढल्याशिवाय न सरकणारा रुंद खणही नापास. वाइप्सचं पाकीट हलकं असेल तर वाइपबरोबर अख्खं पाकीटच उचललं जातं. त्यासाठी जरा वजनदार डबा हवा, अंगठ्याने उघडणाऱ्या झाकणाचा. आणि झाकण लावायची सवयही हवी, नाहीतर वरचे वाइप्स वाळून त्यांचे कागद होतात.

तो दुसरा हात इतका का जपायचा? ‘अजून कुठे कुशीवर वळतंय’ या भरवशावर फार जण राहतात. वळायला साधारण चौथा महिना उजाडतो हे खरं. पण नवजात बाळसुद्धा टाचा रोवून स्वतःला मागे ढकलतं, दचकून हातपाय फेकतं, आणि गुळगुळीत मेणकापडावर तेवढंही पुरतं. शिवाय पहिल्यांदा वळण्याचा दिवस कुठलंच बाळ आधी कळवत नाही. गादीच्या कडा निदान 5 सेंटीमीटर उचललेल्या असाव्यात, पट्टा असेल तर लावावा, पण हात म्हणजे हात. दाराची बेल वाजली, फोन खणखणला, तर बाळाला तसंच कपड्यात गुंडाळून बरोबर न्यायचं. अर्धवट उघडं बाळ कडेवर घेऊन दार उघडणं लाजिरवाणं वाटेल, पण दारापलीकडचा माणूसही कधीतरी असाच होता.

जमिनीवरून कोणी पडत नाही, ही जमिनीची मोठी सोय. जाडसर घडीची गादी, वर रबरी शीट, वर सुती कापड, बाजूला सामानाची टोपली, एवढ्यात जागा तयार होते. अडचण गुडघ्यांची आणि कमरेची. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला आठ ते बारा वेळा हे काम निघतं. दहा धरले तर महिन्याला तीनशे. तीनशे वेळा खाली बसायचं आणि बाळ घेऊन उठायचं, तेही नुकत्याच बाळंत झालेल्या शरीराने. म्हणून टेबल. त्याची उंची टेबल बघून नव्हे, बदलणाऱ्याचं कोपर बघून ठरवावी. गादी धरून पृष्ठभाग कोपराच्या थोडा खाली यावा. बहुतेकांना 90 सेंटीमीटरच्या आसपासची उंची जमते. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे पलंगाची कड. तिथे नीट उभंही राहता येत नाही, बसताही येत नाही, आणि पाठ प्रश्नचिन्हासारखी वाकून राहते. पलंगच वापरायचा असेल तर खाली गुडघे टेकून बसावं आणि बाळाला कडेपासून चांगलं आत ठेवावं.

बाळाचे पाय आपल्याकडे येतील अशी मांडणी उत्तम. तशी जागा नसेल तर बाळ आडवं ठेवतात. मग उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडे डोकं आणि उजवीकडे सामान. आडव्या मांडणीत कंबर सतत पिळली जाते आणि दोन पायांची उंची सारखी आहे की नाही हे नीट दिसत नाही, म्हणून डायपर हमखास एका बाजूला तिरका बसतो.

दिव्याचा विचार बहुतेक घरांत राहूनच जातो. आपण उभे असतो, म्हणून छताचा दिवा आपल्याला सोयीचा. बाळ उताणं असतं. त्याला तोच दिवा थेट डोळ्यांत. रात्री तीन वाजता तो लावला की बाळ टक्क जागं, आणि पुढचा तास गेला. कमरेच्या उंचीचा, पिवळसर, मंद दिवा आपल्या बाजूला किंवा मागे ठेवावा. शीचा रंग कळेल इतपत उजेड पुरे. पंख्याचा झोतही असाच उताण्या पोटावर येतो, आणि गार वारा लागला की बाळ शू करतं. मुलगा असेल तर ती कमान भिंतीपर्यंत जाते. म्हणून जुना डायपर उघडल्या उघडल्या वर एक छोटं फडकं टाकायचं असतं. बाळाच्या डोक्यावर फळी, फळीवर बाटल्या, ही रचना चित्रात शोभते, घरात नको. पडद्यांच्या दोऱ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याही तिथून दूर.

आता सामान. गादीवर घालायची कापडं तीन तरी हवीत: एक घातलेलं, एक धुण्यात, एक हाताशी. अशी वेळ येतेच की पाच मिनिटांत दोन भिजतात. डायपर दहाबारा, वाइप्स किंवा कोमट पाण्याची वाटी आणि कापसाचे बोळे, टिपायला मऊ कापड, मलम, कपड्यांचे दोन जोड. एवढंच. बाकीचा साठा कपाटात, आणि झोपण्यापूर्वी इथला खण रोज भरून घ्यायचा. बाळ जन्मण्याआधी नवजात मापाचे डायपर ढिगाने आणू नयेत. ते माप साधारण 4 ते 5 किलोपर्यंतच चालतं, आणि बाळं ते वजन बघता बघता ओलांडतात. घर मोठं किंवा दुमजली असेल तर याच सामानाची एक छोटी टोपली दुसऱ्या टोकाला असावी. भिजलेलं बाळ घेऊन जिना चढणं हा काही व्यायाम नव्हे.

प्रत्यक्ष बदलताना कळीची गोष्ट ही, की जुना डायपर सोडण्याआधी नवा उघडून, पसरून, जुन्याखाली सरकवलेला असावा. चिकटपट्ट्या असलेला भाग मागे, बेंबीच्या रेषेत. मग जुन्याच्या पट्ट्या सोडायच्या आणि त्या त्याच्यावरच दुमडायच्या, नाहीतर त्या कातडीला चिकटतात. जुन्याचाच स्वच्छ राहिलेला पुढचा भाग वापरून मोठा ऐवज एका फटक्यात मागे ओढून घ्यायचा. निम्मे वाइप्स इथेच वाचतात. पुसायचं नेहमी पुढून मागे, मुलीच्या बाबतीत तर कटाक्षाने, कारण उलट पुसलं तर शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जातात. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढून साफ करायची नसते, वरवर पुसलं की झालं. बंद करताना मात्र ते खाली वळवायचं, नाहीतर ओल थेट कमरेतून वर येते. पाय घोट्यांना धरून उंच उचलण्याची सर्रास पद्धत आहे. त्यापेक्षा बाळाला हलकेच कुशीवर वळवून मागचं पुसणं बरं. दूध प्यायल्या प्यायल्या पाय पोटावर दाबले की ते दूध गादीवर येतं. जांघेतल्या घड्या उलगडून पुसायच्या आणि मग टिपायच्या, घासायच्या नाहीत.

पहिल्या दोनेक दिवसांची शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती वाइपने निघत नाही, पसरते. स्वच्छ कातडीवर आधीच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून ठेवला तर ती सहज सुटते. नंतर ती हिरवट होते, मग अंगावर पिणाऱ्या बाळाची पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. नाळेचा तुकडा एक ते तीन आठवड्यांत गळून पडतो. तोवर डायपरची पुढची कड बेंबीखाली दुमडायची, म्हणजे तो कोरडा राहतो.

डायपर बंद केल्यावर दोन गोष्टी राहतात, आणि गळतीची बहुतेक गाऱ्हाणी या दोनांतच संपतात. कमरेत आपली दोन बोटं सहज जावीत. आणि मांड्यांभोवतीची ती झालर बोट फिरवून बाहेर काढावी. झालर आत दुमडलेली राहिली की ती बांध न होता पाट होते आणि सगळं मांडीवरून वाहतं. आतला गाभा त्याचं काम चोख करत असतो. त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची भुकटी असते. ती पाणी शोषून फुगते आणि तिचा गोळा होतो. शूमध्ये क्षार असतात म्हणून ती साध्या पाण्याइतकी शू पीत नाही. जाहिरातीत निळं पाणी किती जिरतं यावरून रात्रीचा हिशेब करू नये. पुढच्या बाजूची पिवळी रेघ निळी झाली की ओलं झालं, हे मात्र झोपेतही कळतं. पाठीतून मानेपर्यंत शी वर चढण्याचा प्रसंग वारंवार यायला लागला तर माप लहान पडतंय असं समजावं. अशा वेळी अंगातला कपडा डोक्यावरून काढू नये. बाळांच्या कपड्यांचे खांदे पाकिटासारखे एकावर एक दुमडलेले असतात, ते याच संकटात कामाला येतात: गळा ताणायचा आणि कपडा खांद्यांवरून खाली, पायांकडून काढायचा. कित्येक आईबापांना तो खांदा नुसती नक्षी वाटतो.

लाली का येते, हे समजलं की मलम कधी लावायचं हेही समजतं. शू फार वेळ राहिली की तिच्यातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, कातडीवरची मूळची सौम्य आम्लता कमी होते, आणि शीतली पाचक एन्झाइम्स नेमकी अशाच वेळी जास्त चावरी होतात. शी आणि शू एकत्र साचणं वाईट ते यामुळे. म्हणून शीला थांबायचं नाही, लगेच बदलायचं. झिंक ऑक्साइडचं मलम हा कातडी आणि ही घाण यांच्यामधला पडदा; तो कोरड्या कातडीवर लावायचा, आणि पुढच्या वेळी मळलेला थर तेवढा पुसायचा, खालचा पांढरा थर खरवडून काढायचा नाही. दिवसातून थोडा वेळ काही न घालता मोकळं ठेवणं याहून स्वस्त औषध नाही. पावडर नको; तिचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. घड्यांच्या आत गडद लाल झालं असेल, भोवती सुटे लाल ठिपके असतील आणि दोनतीन दिवसांत उतरत नसेल, तर ती बुरशी असू शकते. मग डॉक्टर.

कापडी लंगोट वापरणाऱ्यांना पंचवीस-तीस तरी लागतात. नवे लंगोट चारपाच वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत. कपडे मऊ करणारं द्रावण त्यांना घालू नये, त्याने शोषण कमी होतं. मलमाचा थरही तेच करतो, म्हणून मध्ये पातळ कापड घालावं. भिजवायची बादली झाकणाची आणि उंचावर, कारण थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. पूर्वी लंगोटाला पिन लावायची, आणि ते काम खरोखर दोन हातांचं, शिवाय बाळ आणि टोक यांच्यामध्ये स्वतःचं बोट ठेवण्याचं. सेफ्टी पिनचं पेटंट वॉल्टर हंट यांनी 1849 मध्ये घेतलं. तिच्या तावडीतून बाळाची सुटका करणाऱ्यांपैकी एक मॅरियन डोनोव्हन. त्यांनी बाथरूमच्या पडद्याच्या कापडातून लंगोटावरचं आवरण शिवलं, त्याला पिनेऐवजी चापबटणं लावली आणि 1951 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. एका हाताने लागणाऱ्या प्रत्येक बटणाने त्यांचे आभार मानावेत.

टोपली पायाने उघडणारी घ्यावी. पाय हा इथला तिसरा हात. डायपरमधली घट्ट शी संडासात टाकावी, डायपर घट्ट गुंडाळून स्वतःच्याच पट्ट्यांनी बंद करावा आणि टोपली रोज रिकामी करावी. वाइप्स संडासात टाकू नयेत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ते कागदासारखे विरघळत नाहीत, पाइपात अडकून बसतात. शेवटी बाळाला सुरक्षित जागी ठेवून साबणाने हात धुवायचे.

सातआठ महिन्यांनी हे सगळं उलटतं. बाळ गादीवर पाठ टेकून राहायलाच तयार नसतं. पट्ट्या लावेपर्यंत ते पालथं, आणि पुढच्या क्षणी गुडघ्यांवर. मग टेबलाचा नाद सोडून जमिनीवर यावं. धरून उभं राहायला लागलं की उभ्याउभ्या चढवायचे चड्डीसारखे डायपर आणावेत, शीच्या वेळी ते बाजूच्या शिवणीतून फाडून काढता येतात. आणि सामान वरच्या खणात हलवावं. कारण अंगठ्याने उघडणारं झाकण, हलक्या बोटाने सरकणारा खण, सहज पिळली जाणारी ट्यूब, हे सगळं एका हाताने जमेल असं आपणच निवडलेलं असतं. बाळाचाही एक हात आता मोकळा असतो. दुसऱ्याने त्याने टेबलाचा पाय धरलेला असतो, आणि मोकळ्या हाताने ते वाइप्स एकामागून एक ओढून काढत असतं.