सईबाईंचा सिनेमा आणि आपली शाळा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ब्रेल पाटीवर टोचलेलं पहिलं अक्षर, संगीताचा तास, वसतिगृहाची पहाटेची घंटा या सगळ्याबद्दल माझ्या मैत्रिणी लिहितीलच. मला लिहायचंय ते दिग्दर्शिका सई परांजपे यांच्याबद्दल. त्या आपल्या शाळेच्या कोणी नव्हेत आणि माझी त्यांची ओळखही नाही. पण लोकांनी आमच्याशी कसं वागावं आणि आम्ही लोकांशी कसं वागावं, यावर आम्हा अंध मुलींमध्ये जी पहिली खरीखुरी चर्चा झाली, ती त्यांच्या सिनेमामुळे.

वसतिगृहात एकच टीव्ही होता. सिनेमा लागला की देखरेखीच्या ताई पडद्यावर काय चाललंय ते सांगत बसायच्या. ‘आता ती जिना उतरतेय’, ‘आता तो रागाने बघतोय’. मारामारी सुरू झाली की त्या अगदी मेटाकुटीला यायच्या. सईबाईंचा ‘स्पर्श’ लागला त्या संध्याकाळी मात्र त्या जवळजवळ गप्प होत्या. सांगण्याची गरजच पडली नाही. कोण कुठे उभं आहे, कोणाचं मन दुखावलंय, कोण खोटं हसतंय, सगळं आवाजातून कळत होतं. त्यातच मध्येमध्ये मुलांचा गलका कानावर यायचा आणि तो आमच्याच व्हरांड्यातला वाटायचा. त्याचं कारण पुढे कळलं. चित्रीकरण दिल्लीतल्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत झालं होतं आणि सिनेमातली मुलं तिथलीच होती. नसीरुद्दीन शाह यांनी केलेला अनिरुद्ध परमार हा अंध मुख्याध्यापकही त्याच शाळेचे मुख्याध्यापक मित्तल यांच्यावरून घेतलेला.

अनिरुद्ध कविताचं गाणं ऐकतो, तिथून त्यांची ओळख सुरू होते. शबाना आझमींची कविता तरुणपणीच विधवा झालेली आहे. मुलांना गाणी-गोष्टी शिकवायला ती शाळेत येऊ लागते. शाळेला मदत हवीच आहे, ती अनिरुद्ध आनंदाने घेतो. कीव मात्र त्याला दाराशीही नको असते आणि ‘बेचारा’ हा शब्द तो चालवून घेत नाही. कॉफीचा एक प्रसंग आहे. यजमान तो, कॉफी त्याने द्यायची, आणि ही मदतीला हात पुढे करते. तो भडकतो. त्या प्रसंगावरून दुसऱ्या दिवशी आमच्यात जी जुंपली! निम्म्या मुलींचं म्हणणं, बिचारी प्रेमाने करत होती, एवढं चिडायचं काय? निम्म्यांचं म्हणणं, स्वतःच्या ऑफिसात स्वतःच्या पाहुणीला कॉफी देण्यात कसली आलीय मदत? मी या दुसऱ्या गटात होते. मराठीच्या बाईंनी आम्हाला थांबवलं नाही. धडा बाजूला ठेवला आणि पूर्ण तास आम्हाला भांडू दिलं. शाळेचं माझ्यावर जे ऋण आहे त्यात तो तास मी फार वर धरते.

सईबाईंचं मोठेपण मला पुढच्या भागात दिसतं. अनिरुद्धचा मानीपणा त्या तिथेच कौतुकाने सोडून देत नाहीत. लग्न ठरतं आणि त्याच्या मनात किडा वळवळू लागतो. ही माझ्यावर प्रेम करतेय, की आपलं रितं आयुष्य त्यागाने भरायला बघतेय? ओम पुरींनी केलेले अंध शिक्षक दुबे आपल्या गेलेल्या बायकोबद्दल बोलतात, त्याने हा संशय आणखी घट्ट होतो आणि ठरलेलं लग्न मोडतं. अंध माणूस हुशार असतो, हट्टी असतो, प्रेमात पडतो आणि चुकतोही. हिंदी सिनेमातला आंधळा तोवर देवळाच्या पायरीवर तरी असायचा, नाहीतर शेवटच्या रिळात त्याला डोळे तरी यायचे. अनिरुद्धला डोळे येत नाहीत आणि सिनेमा संपताना तसं व्हावं असं कोणाला वाटतही नाही.

अंध माणसाची भूमिका डोळस नटाने का करावी, असं माझे काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि आजच्या निर्मात्यांना तो विचारलाच पाहिजे. तरीही १९८० च्या सुमाराला एक दिग्दर्शिका आमच्यासारख्यांच्या शाळेत येऊन तिथल्या मुलांना कॅमेऱ्यासमोर त्यांच्या पद्धतीने वावरू देते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि अभिनेता असे तीन राष्ट्रीय पुरस्कार ‘स्पर्श’ला मिळाले. फिल्मफेअरचे चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद यांचे पुरस्कार यायला मात्र १९८५ उजाडलं.

त्यांचे सिनेमे नुसत्या कानांनाही इतके का समजतात, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून माझा जन्म आवाज ओळखण्यात गेला, म्हणून असेल, पण मला याचं उत्तर पुणे आकाशवाणीत सापडतं. सईबाईंनी सुरुवात तिथे केली, निवेदिका म्हणून, आणि लवकरच त्या मुलांच्या कार्यक्रमात रमल्या. रेडिओवर पात्र दारातून आत आलं हे बोलण्यातूनच कळवावं लागतं. त्यानंतर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, आणि मग दिल्ली दूरदर्शनवर निर्माती-दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षं. चित्रपटगृहात नाव होण्याआधी त्यांनी बालचित्र समितीसाठी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ हे मुलांचे सिनेमे केले. घरात लेखणी होतीच. आई शकुंतला परांजपे लेखिका आणि संततिनियमनाच्या चळवळीतल्या खंद्या कार्यकर्त्या, आजोबा रँग्लर परांजपे. सईबाईंचं पहिलं पुस्तक, ‘मुलांचा मेवा’, त्या आठ वर्षांच्या असताना छापून आलं.

त्यांची बालनाट्यं तर आपल्या शाळेच्या रंगमंचावर आली आहेत. आमच्या वेळच्या स्नेहसंमेलनात ‘पत्तेनगरी’ झालं होतं. मंचाच्या कडेला जाड सुतळी चिकटवलेली असायची, पायाला ती लागली की थांबायचं. वसतिगृहातले आमचे पत्ते कोपऱ्यात ब्रेल टोचलेले होते, त्यामुळे राजा, राणी, गुलाम आमच्या चांगले बोटाखालचे.

‘चश्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘चमको’ पावडर विकायला आलेली दीप्ती नवल आणि गांगरलेला फारुख शेख यांचा प्रसंग डोळे मिटून ऐकून बघा, एकही विनोद वाया जात नाही. ‘कथा’ श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून आलेला. चाळीचे आवाज त्यात इतके दाट भरलेत की कोणती खोली कुठे आहे हेही मला अंदाजाने सांगता येईल. दूरदर्शनवरच्या ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिकाही आम्ही त्याच हौसेने ऐकल्या.

माझा सर्वांत आवडता सिनेमा मात्र ‘दिशा’, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. पोटासाठी मुंबईला जाणारे गावकरी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, आणि गावातच राहून वर्षानुवर्षं विहीर खणत बसलेला ओम पुरींचा परशराम. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव आहेतच. ‘साज’मध्ये दोन गायिका बहिणींची कहाणी सांगताना सईबाईंनी भूपेन हजारिका, यशवंत देव, राजकमल आणि झाकीर हुसेन अशा चार संगीतकारांना एकत्र आणलं. शिवाय दारूबंदीसाठी उठलेल्या गावातल्या बायकांवरचा ‘चूडियाँ’ हा लघुपट. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. एवढ्या ताकदीच्या बाईंच्या नावावर मोठे सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असावेत, ही खंत मला आहे. पैसा उभा करणाऱ्यांनी त्यांच्यावर आणखी भरवसा टाकायला हवा होता.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एक मागणं आहे. आता सिनेमांना श्राव्य वर्णन जोडता येतं. ‘स्पर्श’साठी ते मराठीत करायचं झालं तर थोडक्यात होईल, फार जागा भराव्या लागणार नाहीत. ते आपल्या मुलींनीच लिहावं आणि आठवी-नववीच्या वर्गांनी तो सिनेमा एकत्र ऐकून नंतर हवं तेवढं भांडावं. कॉफीच्या प्रसंगावर आजच्या मुली कोणाच्या बाजूने उभ्या राहतात, ते मला ऐकायचंय. सईबाईंचं ‘सय’ हे आत्मकथन माझ्या शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी संपूर्ण वाचून रेकॉर्ड केलंय. ती प्रत मी शाळेच्या ध्वनिग्रंथालयाला देते आहे. काकूंचा आवाज थोडा बसका आहे, पण उच्चार स्वच्छ आहेत.