"चढतात का?" : आमच्या मोहाच्या लाडवांची वाटचाल

नागपुरात मोहाचे लाडू म्हटलं की माणूस आधी हसतो, मग इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "चढतात का?" 2016 पासून हेच ऐकतेय. तेव्हा महालातल्या माझ्या स्वयंपाकघरात पापड, सांडगे, तिखट व्हायचं. देवलापारकडून मोहफुलं आणली, भाजली, तीळ-जवस-शेंगदाण्यांबरोबर कुटून लाडू वळले. पहिल्याच घाण्यात दाताखाली कचकच.

ती राख होती. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. चांगलं फूल त्या राखेत पडतं आणि व्यापारी "माल काळा आहे" म्हणून भाव पाडतो. तोच माल पावसाळ्यात चढ्या भावानं त्याच घरांना परत विकतो, हे वेगळंच.

तोड काढली ती आमच्या पहिल्या भागीदार असलेल्या गोंड आजींनी. त्यांनी जुनं लुगडं चार खुंट्यांना ताणून झाडाखाली बांधलं. फूल स्वच्छ आलं, पण लुगड्यात दव साचून आंबायला लागलं. मग नायलॉनची जाळी आणली. तिचीही दोनदा फसगत झाली: भोकं मोठी तर फूल निसटतं, बारीक तर दव निथळत नाही. आता जाळी कमरेएवढी उंच बांधतो, म्हणजे पहाटेपासून वाकून वेचणाऱ्या बाईची पाठही वाचते. या धंद्यात उतरणाऱ्यांनी यंत्राआधी जाळीवर खर्च करावा. आणि वजनकाटा बाईच्या हातात द्यावा, स्वतःच्या नाही. पैसे तिच्याच खात्यात टाकावेत. यावरून दोन नवरे आमच्याशी भांडले, भांडू दिलं.

आता 2018 चं सांगते. एप्रिल अखेर 14 पोती सुकी फुलं घेऊन आमची गाडी नागपूरला निघाली होती, ती नाक्यावर अडवली. माझ्याकडे ग्रामसभेची चिठ्ठी होती. वनहक्क कायदा 2006 चा, गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालावर) हक्क गावाचा, एवढंच मला पाठ. पण तेव्हा मोहफूल दारूबंदी कायद्यातही अडकलेलं होतं आणि त्याच्या वाहतुकीला वेगळी परवानगी लागायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चूक माझीच, मान्य. पण साहेबांनी पोत्यावर बोट ठेवून "दारूचा माल" म्हटलं, ते अजून टोचतं. लाडवाचा डबा उघडून दाखवला, त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

पोती उघड्या शेडमध्ये पडली. सुक्या मोहाला पावसाळी हवा लागली की तो पाणी ओढतो, चिकट होतो, आंबतो. जूनच्या शेवटी सुटका झाली तेव्हा शेडमध्ये खरंच भट्टीसारखा वास होता. म्हणजे आठ आठवड्यांत त्यांनीच त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं! आजींनी एक पोतं हुंगलं आणि म्हणाल्या, "आता मात्र याची दारूच होते व बाई."

पाच किलो ओल्या फुलांचं सुकून जेमतेम एक किलो राहतं. 14 पोत्यांमागे किती पहाटा होत्या, ज्यांनी वेचलं त्यांनाच माहीत. मी बांगड्या मोडल्या, तरी निम्म्या बायकांचे पैसे राहिले. आजी गावात फिरल्या आणि सगळ्यांच्या वतीनं निरोप दिला, दिवाळीला दे. दिवाळीला दिले. भरपाईचा माझा अर्ज मात्र अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. 2021 साली सरकारनं मोहफुलांवरचे निर्बंध उठवले. बातमी वाचून आनंद व्हायला हवा होता; मी पोती मोजत बसले.

मधली वर्षं ठीक गेली. सोलर ड्रायर आला, बर्डीवरच्या एका निवृत्त बाईंची दर संक्रांतीची दोन किलोंची ऑर्डर कधी चुकली नाही.

एक माती मात्र मीच खाल्ली. लेबलवर "रक्त वाढवतो" छापलं होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंनी सरळ झापलं. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. तो पंडुरोग लोह कमी पडल्याचा नव्हे, लाडवानं जाणारा नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर लोह उलट साठतं. लेबलं फाडली. तेव्हापासून हंगामाआधी सगळ्या बायका सोल्युबिलिटी ही सिकलसेलची पहिली, झटपट रक्ततपासणी करून घेतात, शंका आली तर पुढे पक्कं सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस. लाडू हा खाऊ आहे, औषध म्हणून विकू नका.

आजींची नात आता आमचा हिशेब लिहिते. तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली, म्हणजे आई-बापापैकी एकाकडूनच हा दोष आलेली. स्वतः ठणठणीत, पण नवराही वाहक मिळाला तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. परवा तिला स्थळ आलं. मुलाकडचे जमिनीचं, नोकरीचं सांगत होते. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोराचं रगत तपासून आना, मंग सुपारी फोडू."