लिथियमची वही

नैराश्यावरची दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही आराम पडला नाही, तर त्याला 'औषधांना दाद न देणारं नैराश्य' म्हणतात. यातल्या 'पुरेशा'कडे आधी बघावं. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमवर तीन-चार आठवडे काढून 'हे लागू पडत नाही' असं ठरवलं असेल, तर तो प्रयत्न अर्धवटच राहिला. हा डोस २०० पर्यंत नेता येतो. थायरॉइड कमी काम करणं, बी-१२ ची कमतरता, रोजची दारू, घोरताना श्वास अडकणं, मधूनमधून चुकणाऱ्या गोळ्या, आणि पूर्वी कधी झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह संचारलेले दिवस (म्हणजे मूळ आजार बायपोलर, नैराश्य आणि उन्माद आलटूनपालटून येणारा, असण्याची शक्यता) हे सगळं तपासून झालं की मगच पुढे जायचं.

पुढे जायचं म्हणजे बहुतेकदा चालू गोळीला दुसऱ्या औषधाची जोड द्यायची. क्वेटियापिन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल हे त्यातले नेहमीचे पर्याय. पहिल्यात वजन, साखर आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्यात जागेवर बसवत नाही अशी तळमळ सुरू होऊ शकते, आणि ती आजाराचीच बेचैनी समजून डोस वाढवला की आणखी बिघडतं. इथे लिहायचं आहे ते लिथियमबद्दल. ते जुनं आहे, स्वस्त आहे, आणि केवळ रक्ततपासणीच्या कटकटीपायी मागे पडतं याची मनापासून खंत वाटते.

ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग १९४९ मध्ये मांडला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारे काही हृदयरोगी विषबाधेने दगावले. औषध आणि विष यांतलं अंतर कमी आहे, हे तेव्हाच कळलं. नैराश्याच्या गोळीला लिथियमची जोड देण्याची कल्पना १९८१ मध्ये कॅनडातून आली. या जोडीने सगळेच बरे होत नाहीत: अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यावर लिथियमची जोड दिलेल्यांपैकी पूर्ण बरे झालेले शेकडा १६ च्या आसपास होते. पण ज्यांना गुण येतो त्यांनी ते लवकर सोडू नये, याला चांगला आधार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात जोडीने बरे झालेल्या २९ जणांपैकी काहींचं लिथियम चालू ठेवलं, बाकीच्यांना नकली गोळी दिली. चार महिन्यांत नकली गोळीवरच्या १५ पैकी ७ जणांचा आजार उलटला, लिथियमवरच्या १४ पैकी एकाचाही नाही. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम आणि वजन. हृदयाचा त्रास किंवा वय जास्त असेल तर ईसीजी. गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलायचं. मग रात्री ३०० किंवा ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, वयस्करांना त्याहून कमी. पाच ते सात दिवसांनी पहिली लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण. नैराश्यासाठी ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर हवी, म्हाताऱ्या माणसाला थोडी कमीही पुरते. डोस बसेपर्यंत आठवड्याला एकदा, नंतर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, पुढे सगळं स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. लेव्हल जमल्यावर किमान चार आठवडे वाट पाहायची.

बहुतेक घोळ होतो तो रक्त देताना. शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी नमुना द्यायचा: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. सकाळचा डोस असेल तर तो रक्त देऊन झाल्यावर. सकाळची गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि डोस उगाच कमी केला जातो. दुसरी गोष्ट नळीची. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं, त्यात घेतलेल्या रक्ताचा आकडा भलताच चढा येतो. 'लिथियमची तपासणी आहे, साधी नळी घ्या' असं तिथेच सांगावं.

म्हणून वही हवी. तारीख, डोस, गोळीची वेळ, रक्ताची वेळ, लेव्हल, क्रिएटिनिन, टीएसएच, कॅल्शियम, वजन, आणि त्या काळात नव्याने घेतलेली कोणतीही गोळी. शिवाय दर पंधरा दिवसांनी नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीची बेरीज. ही प्रश्नावली २७ गुणांची असते. पाचच्या खाली आलं की बरं वाटतंय असं धरतात. एकेका रिपोर्टपेक्षा रांग वाचायची. त्याच डोसवर लेव्हल ०.६५, मग ०.७२, मग ०.८५ अशी चढत असेल, तर शेवटचा आकडा एकटा पाहून कुणी दचकणार नाही. रांग पाहिली की किडनीचं काम मंदावतंय किंवा नवीन औषध शिरलंय हे ओळखता येतं.

नवीन औषध बहुतेकदा दुखण्यावरचं असतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक यांनी किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी होतं. आपल्याकडे असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत सर्रास मिळतं, आणि 'साधी पॅरासिटामॉलच आहे' म्हणून घेतली जाते. पाकिटामागचं वाचा, नुसती पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांनीही लेव्हल चढते. अशी गोळी सुरू करताना, बंद करताना किंवा तिचा डोस बदलताना आठवड्याभरात लेव्हल करून घ्यावी.

पाणी आणि मीठ हा दुसरा धोका. शरीरात सोडियम कमी पडलं की किडनी लिथियमही धरून ठेवते. त्यामुळे निर्जळी एकादशी, अचानक मीठ सोडणं, मे महिन्यातलं ऊन, वारीतली पायपीट हे सगळं डॉक्टरांना आधी सांगावं. उपवासाला सैंधव चालतं, त्यातही सोडियम असतं. रोजच्या मिठाऐवजी अचानक 'लो सोडियम' मीठ सुरू करू नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

बोटांची बारीक थरथर, जास्त तहान, वारंवार लघवी हे नेहमीच्या डोसवरही होतं, आणि पूर्ण डोस रात्री एकदाच घेतल्याने काहींचं लघवीचं प्रमाण उतरतं. पण थरथर जाडीभरडी झाली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, गुंगी किंवा गोंधळ वाटला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत.

जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर लिथियम जिवावर बेतू शकतं. मनात मरणाचे विचार येत असतील तर साठा दोन आठवड्यांपुरताच आणावा आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवाव्यात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

बरं वाटू लागल्यावर दोन्ही औषधं त्याच डोसवर निदान वर्षभर, आणि आजार पूर्वीही उलटलेला असेल तर त्याहून जास्त काळ चालू ठेवणं मला योग्य वाटतं. थांबवायची वेळ आली तरी दोन्ही एकदम नकोत. लिथियम किमान चार आठवड्यांत, जमल्यास तीन महिन्यांत हळूहळू उतरवायचं. शेवटची गोळी संपल्यावरही पुढचे सहा महिने पीएचक्यू-९ चा रकाना भरत राहायचा, आणि सलग दोन पंधरवडे बेरीज चढली तर पुढच्या नेमून दिलेल्या तारखेची वाट न पाहता भेट घ्यायची.