मावशीची दोन विवरणपत्रे

माझी मावशी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी वारली. तिने आपल्या नोंदणीकृत मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून माझे नाव लिहिले आहे, हे मला ती हयात असतानाच ठाऊक होते. मात्र त्या एका शब्दापोटी एकाच आर्थिक वर्षाची दोन प्राप्तिकर विवरणपत्रे भरावी लागतील, याची कल्पना नव्हती. १ एप्रिलपासून १९ नोव्हेंबरपर्यंतचे उत्पन्न मावशीचे, म्हणून ते तिच्याच पॅनवर, तिचा प्रतिनिधी या नात्याने मी दाखवायचे. २० नोव्हेंबरपासूनचे उत्पन्न मात्र ना तिचे, ना भाचरांचे. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे मालमत्तेची पूर्ण वाटणी होईपर्यंत ते ‘इस्टेट’चे, म्हणजे मृताच्या मागे उरलेल्या मालमत्तेचे, उत्पन्न समजले जाई आणि त्याची आकारणी एक्झिक्युटरवर होई. तिचा दादरचा फ्लॅट मुंबईत असल्यामुळे तेव्हाच्या कायद्यानुसार प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, आवश्यक होते, आणि प्रोबेट हाती येऊन वाटणी होण्याआधी ३१ मार्च येणार हे उघड होते.

पहिला भाग तुलनेने सोपा गेला. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर माझ्या स्वतःच्या खात्यातून प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा अर्ज केला आणि मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन कार्डे, मृत्युपत्र व हमीपत्र जोडले. आठवड्याभरात मंजुरी आली. इस्टेटच्या पॅनसाठी मात्र दोनदा अर्ज करावा लागला. पहिल्या खेपेस मी स्थितीच्या रकान्यात ‘व्यक्ती’वर खूण केली होती, आणि चूक सर्वस्वी माझी होती. नव्या पॅनचे चौथे अक्षर ‘जे’ निघाले, म्हणजे कृत्रिम विधिक व्यक्ती. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेला स्वतंत्र ओळखपत्र मिळते, हे त्या कार्डाकडे पाहताना काहीसे विचित्र वाटले.

खरी अडचण मुदत ठेवीच्या व्याजाची होती. मृत्यूची सूचना डिसेंबरमध्येच लेखी देऊनही बँकेने वर्षभराचे ८६,४०० रुपये व्याज आणि त्यावर १० टक्के दराने कापलेला ८,६४० रुपयांचा कर, दोन्ही मावशीच्या पॅनवर दाखवले होते. व्याजाची विभागणी मी करू शकत होतो, कारण मावशी आधीपासूनच व्याज उपार्जित पद्धतीने, म्हणजे हाती येण्याची वाट न पाहता साठत जाईल तसे, दाखवत असे. एक एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंत २३३ दिवस आणि पुढे १३३ दिवस. फेब्रुवारी २९ दिवसांचा असल्यामुळे बेरीज ३६६. त्या हिशेबाने ५५,००३ रुपये तिचे आणि ३१,३९७ रुपये इस्टेटचे. परंतु कापलेल्या कराचे काय? प्राप्तिकर नियमांतील नियम ३७बीए प्रमाणे तो कर दुसऱ्याच्या नावे दाखवावा, असे घोषणापत्र घेऊन मी शाखेत तीनदा गेलो. तिथल्या अधिकारी बाई सौजन्याने वागल्या, पण त्यांचे उत्तर बदलले नाही: “काका, सिस्टीममध्ये पॅन ज्यांचा, कर त्यांचाच.”

शेवटी सनदी लेखापालांनी वाट दाखवली. विवरणपत्रातल्या टीडीएसच्या, म्हणजे आधीच कापलेल्या कराच्या, तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या हाती’ असा एक रकाना असतो, ज्याकडे आपले सहसा लक्षच जात नाही. मावशीच्या विवरणपत्रात ८,६४० पैकी ५,५०० रुपये तिच्यासाठी मागून उरलेल्या ३,१४० रुपयांसमोर इस्टेटचा पॅन लिहिला, आणि इस्टेटच्या विवरणपत्रात (आयटीआर-५ या नमुन्यात) तेवढीच रक्कम मावशीच्या पॅनचा उल्लेख करून मागितली. दोन्हीकडचे आकडे रुपयाबरहुकूम जुळले पाहिजेत, असे त्यांनी मला दोनदा बजावले.

इस्टेटच्या बाजूला याखेरीज फ्लॅटचे दरमहा ३५,००० रुपये भाडे होते. ३० टक्के प्रमाणित वजावट घेतल्यावर, व्याज धरूनही, एकूण उत्पन्न तीन लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या बरेच खाली राहिले, त्यामुळे ३,१४० रुपये पूर्ण परत मिळणार होते. लेखापालांचे शुल्क त्याहून अधिक होते, हे मी भावंडांना हिशेब दाखवताना लपवले नाही. तरीही विवरणपत्र भरलेच, कारण वाटणी होईपर्यंत प्रत्येक रुपयाचा जाब मला द्यायचा होता आणि पुढील वर्षाच्या विवरणपत्राला आधीचा धागा हवा होता.

दोन्ही विवरणपत्रे २७ जुलै २०२४ रोजी, मुदतीच्या चार दिवस आधी, दाखल झाली. पडताळणीचा ओटीपी दोन्ही वेळा माझ्याच मोबाईलवर आला. मावशीचा परतावा आधी आला. इस्टेटचा येण्यास आणखी काही आठवडे लागले, आणि तो इस्टेटच्या नावे उघडलेल्या खात्यात जमा झाल्यावर मी त्याची नोंद मावशीच्याच जुन्या वहीत, तिच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून केली.